सव्हानाच्या जुन्या शहरात घर घ्यावे, की बाहेरच्या नव्या वसाहतीत?

प्रश्न : गंगापूर रोडची रहिवासी

नमस्कार. माझे यजमान मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करतात आणि त्यांची कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात पाठवीत आहे. कामाचे ठिकाण शहराच्या वायव्येस, गार्डन सिटी येथील बंदराजवळ आहे. आम्हाला जानेवारीत निघायचे असून त्याआधी घराचा निर्णय करायचा आहे. एक पर्याय पूलर नावाच्या उपनगरातील नव्या सदनिकेचा आहे. तेथे खोल्या मोठ्या आहेत, गाडी दाराशी लावता येते आणि कंपनीतील बरेचसे सहकारी तेथेच राहतात. दुसरा पर्याय तेवढ्याच भाड्याचा, पण जुन्या शहरातील एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या घराच्या एका मजल्याचा आहे, आणि तो जागेने जवळजवळ निम्मा आहे.

आमचा ओढा जुन्या शहराकडे आहे, त्याचे कारण सांगते. यजमानांचे बालपण जुन्या नाशकात, तांबट आळीजवळच्या वाड्यात गेले. सकाळी आजोबांबरोबर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचे, परतताना भाजी घ्यायची, शाळा, दवाखाना, सराफ, शिंपी, देऊळ सारे हाकेच्या अंतरावर, आणि वाटेत किमान दहा माणसे नावाने हाक मारणारी, असे ते दिवस त्यांच्या बोलण्यात अजून येतात. आम्ही गंगापूर रोडला राहायला आल्यापासून घर प्रशस्त झाले, पण मुलीला मैत्रिणीकडे जायचे असले तरी कोणीतरी तिला गाडीवरून सोडावे लागते. नकाशात सव्हानाचे जुने शहर पाहिले तेव्हा दर दोन-तीन गल्ल्यांनंतर एक हिरवा चौकोन दिसला, आणि मुलगी येथे पायी हिंडू शकेल असे मनात आले.

तरीही शंका आहेत. मुलगी आठ वर्षांची आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्या वर्षातून सहा महिने आमच्याकडे येतील, आणि त्यांचे गुडघे दुखतात. तेथे गाडीशिवाय खरोखर भागते का, जुन्या घरात ओल किती असते, चक्रीवादळांचे काय, आणि पर्यटकांच्या गर्दीत संसार करता येतो का, हे तेथे राहिलेल्या कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

उत्तर १ : पंचवटीकर

ताई, मी २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षे सव्हानाच्या जुन्या शहरात, जोन्स रस्त्याच्या जवळ, सहकुटुंब राहिलो. माझे मत आधीच सांगतो: जुन्या शहरातच राहा, पण त्याच्या दक्षिण अर्ध्या भागात राहा आणि एक गाडी अवश्य ठेवा. या दोन्ही अटींमागे कारणे आहेत.

तुम्ही नकाशात पाहिलेले हिरवे चौकोन मागाहून केलेली सजावट नाही. शहराची मांडणीच त्यांच्याभोवती झाली आहे. जेम्स ओगलथॉर्प यांनी १७३३ मध्ये हे शहर वसवले तेव्हा त्यांनी ते ‘वॉर्ड’ नावाच्या सारख्या घटकांत मांडले. प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी मोकळा चौक, चौकाच्या उत्तरेस आणि दक्षिणेस प्रत्येकी दहा घरांच्या जागांचे दोन-दोन गट, म्हणजे एकूण चाळीस घरांच्या जागा, आणि पूर्व-पश्चिम बाजूंना चर्च, दुकाने व सार्वजनिक इमारतींसाठी राखलेले चार मोठे भूखंड. शहर वाढले तसे नवे वॉर्ड त्याच साच्यात जोडले गेले आणि चौकांची संख्या चोवीसवर गेली. त्यांपैकी बावीस आज शिल्लक आहेत. म्हणजे राहण्याची जागा आणि सार्वजनिक जागा यांच्यात कुठेही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू नये, अशी व्यवस्था मुळातच होती. मोटारी आल्या तेव्हा या चौकांनी आणखी एक काम केले. गाडीला दर थोड्या अंतरावर चौकाला वळसा घालावा लागत असल्यामुळे तिचा वेग आपोआप कमी होतो, आणि पायी चालणारा मात्र चौकातून सरळ निघून जातो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना एकटा दोन चौक ओलांडून मित्राकडे जाऊ लागला. तशी मोकळीक आम्हाला अमेरिकेत इतरत्र मिळाली नसती असे मला वाटते.

सावलीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिच्याशिवाय तेथे जुलैमध्ये चालणे अशक्य झाले असते. चौकांमध्ये आणि रस्त्यांच्या कडेला सदाहरित ओकचे प्रचंड वृक्ष आहेत, त्यांच्या फांद्या आडव्या पसरून रस्त्यावर एकमेकींना मिळतात, आणि त्यांवरून स्पॅनिश मॉस नावाच्या वनस्पतीच्या राखी जटा लोंबत असतात. नाव मॉस असले तरी ते शेवाळ नव्हे. ती अननसाच्या कुळातील वनस्पती असून झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावरच जगते. हवेत ओलावा किती असेल याची कल्पना त्यावरून यावी. जुलैत दुपारचे तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास असते. आकडा नाशकातल्या एप्रिल-मेपेक्षा कमी असला तरी घाम वाळत नाही, रात्रीही गारवा येत नाही, आणि दुपारनंतर विजांसह पावसाच्या जोरदार सरी येतात. आम्ही उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर चालत असू, आणि ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने मनसोक्त पायी हिंडण्यात घालवत असू. वसंतात आणि शरदात डोळ्यांना जेमतेम दिसणारी चावरी चिलटे फार त्रास देतात. मुलीला सुरुवातीला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आता दक्षिण अर्ध्या भागाचा आग्रह का, ते सांगतो. नदीकाठापासून फोर्सिथ उद्यानापर्यंतचे अंतर सुमारे दीड किलोमीटर आहे. त्यातील नदीकडचा भाग मुख्यतः पर्यटकांचा आहे. नदीकाठच्या रस्त्यावर जहाजांच्या तळाशी भार म्हणून आणलेले दगड फरसबंदीत बसवलेले आहेत, कापसाची जुनी गोदामे आता खाणावळी आणि दुकाने झाली आहेत, आणि हे सारे पाहण्यासारखे असले तरी तेथे कोथिंबिरीची जुडी मिळत नाही. शिवाय ऐतिहासिक भागात मद्याचा प्लास्टिकचा पेला हातात घेऊन रस्त्याने चालण्यास परवानगी आहे, त्यामुळे शनिवारी रात्री तेथील वातावरण लहान मुलांच्या घराला पोषक नसते. याउलट दक्षिणेकडे फोर्सिथचे सुमारे तीस एकरांचे उद्यान आहे, त्यात मुलांना खेळायच्या जागा आहेत, शनिवारी सकाळी उद्यानाच्या दक्षिण टोकाला शेतकऱ्यांचा बाजार भरतो आणि आमच्या वेळी ग्विनेट रस्त्यावर क्रोगरचे मोठे दुकानही चालत जाण्याच्या अंतरावर होते. डाळ-तांदूळ, दूध, भाज्या एवढे तेथे मिळत असे. जुन्या शहरात बिनभाड्याची छोटी बसही फिरते आणि नदी ओलांडणारी बोटही विनामूल्य आहे.

मात्र गाडी हवीच. मोठी रुग्णालये जुन्या शहरात नाहीत, ती दक्षिणेकडे काही किलोमीटरवर आहेत. टायबी बेटावरचा समुद्रकिनारा सुमारे २९ किलोमीटरवर आहे. यजमानांच्या कामावर चालत जाणे शक्य नाही. रस्त्यावर गाडी लावायची असेल तर रहिवाशांचा परवाना काढावा लागतो आणि रस्ते झाडण्याच्या ठरलेल्या दिवशी गाडी हलवावी लागते. फलक न वाचल्याने पहिल्या महिन्यात आम्ही दोनदा दंड भरला.

गाडीचे सर्वांत मोठे कारण मात्र वादळ हे आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरला जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू वादळ आले तेव्हा शहर सोडून जाण्याचा सक्तीचा आदेश निघाला, समुद्राकडे येणाऱ्या मार्गिकाही उलट्या फिरवून सोळा क्रमांकाच्या महामार्गावरची सगळी वाहतूक पश्चिमेकडे वळवण्यात आली आणि आम्ही सुमारे २६५ किलोमीटरवरच्या मेकन शहरात जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा घराला काही झालेले नव्हते, पण आमच्या चौकातला एक जुना ओक मुळासकट आडवा झाला होता आणि वीज आणखी काही दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी अर्मा वादळाच्या वेळी पुन्हा निघावे लागले. औषधे, पारपत्रे आणि मुलाचे कागद एका पिशवीत भरून ती पिशवी दाराजवळ ठेवण्याची सवय त्या दोन वर्षांत आम्हाला लागली. भाडेकरूचा साधा विमा पुराचे नुकसान भरून देत नाही. त्यासाठी वेगळा पूरविमा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनंतर लागू होतो, म्हणून तो गेल्या गेल्या घ्यावा.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घर पाहताना घरमालकाला विचारा की त्या रांगेत कायमचे राहणारे किती आणि पर्यटकांना चार दिवसांसाठी दिली जाणारी घरे किती. आमच्या रांगेत आम्ही गेलो तेव्हा सहा घरांत माणसे कायमची राहत होती. आम्ही निघालो तेव्हा तीनच उरली होती. शेजारी दर आठवड्याला बदलणारे असतील तर चौक कितीही सुंदर असला तरी ती वस्ती राहत नाही. मुलीला हाक मारणारी माणसे हवी असतील तर घराआधी शेजार पाहा.

उत्तर २ : वाड्यातला रहिवासी

मी सव्हाना पाहिलेले नाही, पण साठ वर्षे जुन्या नाशकात, रविवार कारंजापासून फार दूर नसलेल्या वाड्यात राहतो आहे, म्हणून जुन्या घराविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

ताई, जुने घर हे चालवावे लागते. नवे घर नुसते वापरले तरी चालते. आमच्या वाड्याला सागवानी खांब आहेत, कडीपाट आहे, मातीच्या जाड भिंती आहेत, आणि या सगळ्याचे आयुष्य कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाळली जातात की नाही यावर अवलंबून आहे. एक कौल सरकले तर पाणी भिंतीच्या पोटात उतरते, माती फुगते, तुळईचे टोक कुजते, आणि वरून काही दिसत नसताना चार वर्षांनी भिंत बसते. म्हणून तिकडे घर पाहाल तेव्हा बैठकीच्या खोलीत फार वेळ घालवू नका. बंद कपाट उघडून वास घ्या, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीचा रंग वेगळा दिसतो का ते पाहा, खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात नख रुतवून लाकूड भुसभुशीत आहे का ते तपासा, आणि शक्य असेल तर पाऊस पडत असताना जा. दुरुस्ती कोणी करायची आणि किती दिवसांत करायची, हे भाडेकरारात लिहून घ्या.

गर्दीबद्दल पंचवटीकरांनी लिहिले ते मला पटले. २०१५ च्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी आमच्याच गल्लीत यायला आम्हाला ओळख सांगावी लागत होती, आणि रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात तेव्हा वृद्ध माणूस घराबाहेर पडू शकत नाही. तरीही त्या गर्दीत आमचा वाटा असतो. रहाड आमची आहे, तिच्यात पहिली उडी कोणी मारायची याचा मान ठरलेला आहे. पर्यटकांची गर्दी तशी नसते, ती पाहायला येते आणि जाते. त्यामुळे तिकडची गर्दी कोणाची आहे, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. पंचवटीकर, तेथील मूळ लोकांनी ही घरे टिकवली कशी, हेही लिहाल का? आमच्याकडे एका वाड्याला वीस वारस आणि नाममात्र भाड्याचे पाच भाडेकरू असतात, दुरुस्तीचा खर्च कोणालाच परवडत नाही, आणि मग पालिकेची नोटीस येते. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत पडल्याची बातमी ऐकून मन अस्वस्थ होते.

उत्तर ३ : पंचवटीकर

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ताईंनाही उपयोगी पडेल, कारण त्यावरून त्या वस्तीचा स्वभाव कळतो.

ही घरे आपोआप टिकली नाहीत. १९५४ मध्ये एलिस चौकातील जुनी मंडई पाडून तेथे मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ बांधला गेला. त्यानंतर कोलंबिया चौकातील १८२० चे डेव्हनपोर्ट घर पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन १९५५ मध्ये हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि वर्गणी जमवून ते घर विकत घेतले. पुढे या संस्थेने फिरत्या निधीची पद्धत अवलंबिली. पडीक घर विकत घ्यायचे, ते दुरुस्त करीन आणि पाडणार नाही असे बंधन स्वीकारणाऱ्या माणसालाच विकायचे, आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. १९६६ मध्ये जुन्या शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सव्हाना कला महाविद्यालयाने अनेक रिकाम्या जुन्या इमारती वर्गांसाठी घेतल्या, त्यामुळे रस्त्यांवर दिवसभर विद्यार्थी असतात, आणि संध्याकाळी चालताना त्यांचा आधार वाटतो. तो वाहनतळही शेवटी पाडला गेला आणि २०१० मध्ये एलिस चौक पुन्हा मोकळा झाला; खाली भुयारी वाहनतळ आणि वर मुलांना खेळायला कारंजे अशी आता रचना आहे.

मात्र हे रक्षण सर्वांच्या वाट्याला आले नाही, हेही सांगायला हवे. शहराच्या पश्चिम कडेला कृष्णवर्णीय कुटुंबांची दाट वस्ती आणि त्यांच्या व्यापाराचा रस्ता होता. १९६३ मध्ये तेथील युनियन रेल्वे स्थानक पाडून महामार्गाचा उतार आणला गेला आणि ती वस्ती विस्कटली. ज्या राखी विटांच्या घरांचे आज कौतुक होते, त्या विटा नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलाम माणसांनी भाजलेल्या आहेत. तेथे राहायला गेल्यावर मुलीला दोन्ही गोष्टी सांगाव्यात असे मला वाटते.

गर्दीचे म्हणाल तर सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे १७ मार्चला, निघणारी मिरवणूक आयरिश वंशाच्या स्थानिक कुटुंबांची आहे. घराघरांतली माणसे पहाटेच चौकात तंबू ठोकून जागा धरतात, आणि शेजाऱ्यांनी आम्हाला दुसऱ्या वर्षापासून आपल्या तंबूत बोलावले. उरलेल्या वर्षभर भुताखेतांच्या गोष्टी सांगत रात्री गल्ल्यांतून फिरणारे पर्यटकांचे तांडे मात्र तुम्ही म्हणता तसे पाहणाऱ्यांचे आहेत. रस्त्याकडची खोली मुलीच्या झोपण्यासाठी ठेवू नका.

उत्तर ४ : सरस्वती नाला

मी पूर्वी सराफ बाजारात राहत होतो आणि आता नोकरीनिमित्त चार्ल्सटनमध्ये, सव्हानाच्या उत्तरेस त्याच किनाऱ्यावर, राहतो. माझे लिहिणे फक्त पाण्याविषयी आहे.

नाशिककरांना पुराची खूण गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती सांगते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी सराफ बाजारापर्यंत आले होते, आणि आमच्या दुकानात ते केवळ नदीकडून शिरले नव्हते. वस्तीखालून जाणारा नालाही तुंबून वर आला होता. वर बाजार वसला तरी नाला आपली वाट विसरत नाही. चार्ल्सटनमध्ये मला हेच पुन्हा पाहायला मिळाले. हे शहर दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावर आहे आणि त्यातील बराचसा भाग खाड्या व दलदल भरून तयार केलेला आहे. मार्केट स्ट्रीट जेथे आहे तेथे पूर्वी खाडी होती, आणि आज तोच रस्ता पाण्याखाली जातो. त्यासाठी पाऊसही लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती आली की लख्ख उन्हात गटारांतून खारे पाणी रस्त्यावर येते, आणि शाळेत जाणारी मुले बूट हातात घेऊन निघतात.

या बाबतीत सव्हाना बरीच सुखी आहे, कारण ओगलथॉर्प यांनी नदीकाठच्या सुमारे बारा मीटर उंच पठारावर शहर वसवले. नदीकाठचा रस्ता तेवढा खाली आहे, चौक वर आहेत. तरी पठाराच्या पूर्व आणि पश्चिम कडा सखल आहेत आणि तेथे मुसळधार पावसात पाणी साचते. टायबीला जाणारा रस्ताही मोठ्या भरतीत पाण्याखाली जातो, तेव्हा तिकडे जाताना भरतीची वेळ पाहून निघा. घर ठरवण्यापूर्वी त्या पत्त्याचा सरकारी पूरनकाशा पाहा, आणि शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारा की पाणी कोठून येते. घरमालकाच्या उत्तरावर विसंबू नका.

जुन्या घरांविषयी एक गोष्ट मात्र मन लावून पाहण्यासारखी आहे. चार्ल्सटनचे पारंपरिक घर एका खोलीएवढेच रुंद असते, त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब व्हरांडा बाजूला असतो, जेणेकरून समुद्रावरून येणारा वारा प्रत्येक खोलीतून आरपार जावा. आपल्या वाड्यात चौक जे काम करतो तेच येथे व्हरांडा करतो. १८८६ च्या भूकंपानंतर अनेक घरांच्या भिंतींतून आरपार लोखंडी सळया घालून त्या बाहेरून चकत्यांनी आवळल्या गेल्या, आणि त्या चकत्या अजून दिसतात. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी अमेरिकेतील पहिला नगरनियोजनाचा कायदा याच शहराने १९३१ मध्ये केला. मला हे शहर फार आवडते. म्हणूनच त्याच्या रस्त्यावर खारे पाणी पाहताना वाईट वाटते.

उत्तर ५ : पूलरवासी

मी पूलरमध्ये सहा वर्षे आहे आणि माझे मत वेगळे आहे. जुन्या शहराचे सर्व गुण मान्य करूनही, एकाहत्तर वर्षांची आई आणि आठ वर्षांची मुलगी यांच्यासाठी मी पूलरच निवडेन. आमच्या वसाहतीत सात भारतीय कुटुंबे आहेत, घरात पायऱ्या नाहीत, रात्री शांतता असते, आणि गार्डन सिटीचे बंदर दोन्ही ठिकाणांच्या मध्ये असल्याने यजमानांच्या प्रवासात फारसा फरक पडणार नाही. माझ्या आईला मात्र येथे एकटीने कोठेही जाता येत नाही, कारण आमच्या रस्त्याला पदपथ काही अंतरापर्यंतच आहे आणि पुढे तो संपतो. मी कामावरून येईपर्यंत ती घरात असते. हे मी प्रामाणिकपणे लिहितो, कारण तुमच्या सासूबाईही दिवसभर घरीच असणार. शाळेचेही पाहा. सरकारी शाळा पत्त्यानुसार ठरते आणि काही विशेष शाळांत सोडतीने प्रवेश मिळतो, त्यामुळे घर आणि शाळा यांचा निर्णय एकत्रच करावा लागतो.

गंगापूर रोडची रहिवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री आम्ही सारी उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. पूलरवासी दादांच्या आईविषयी ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, आणि मग म्हणाल्या की पायऱ्या मी चढेन, पण दिवसभर कोंडून बसणे मला जमणार नाही. त्यामुळे आमचे जवळजवळ ठरले आहे: पहिले दोन महिने तात्पुरती जागा घ्यायची, एखादा पावसाचा दिवस पाहून घरे बघायची, आणि मुलीच्या शाळेचे नक्की झाल्यावरच करार करायचा.

पंचवटीकर दादा, सासूबाईंचे दोन प्रश्न मात्र उरले आहेत. त्या घरांना पायऱ्या नेमक्या किती असतात? आणि झाडाखाली बसायला बाक असतात का, की नुसते चालायचे?

उत्तर ६ : पंचवटीकर

आईंना माझा नमस्कार सांगा. तेथील बहुतेक जुन्या घरांचे मुख्य दार वरच्या मजल्यावर असते आणि रस्त्यावरून थेट तेथे जाणारा उंच जिना असतो. आमच्या घराला अकरा पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा होता. जिन्याखालचा मजला स्वतंत्र भाड्याने देतात. त्याला एक-दोनच पायऱ्या उतरावे लागते, उन्हाळ्यात तो थंड राहतो, आणि आईंच्या गुडघ्यांना तोच सोयीचा वाटेल. पण वाड्यातल्या काकांनी सांगितलेली ओल तेथेच सर्वांत जास्त असते. असा मजला घ्यायचा ठरला तर हवेतला दमटपणा खेचून घेणारे यंत्र मालकाकडून मागून घ्या, आणि ते मे ते ऑक्टोबर अखंड चालू ठेवा. दोन्ही मजले पाहा. आईंच्या मुक्कामाचे सहा महिने हिवाळ्याचे ठरवता आले तर खालच्या मजल्याची अडचण निम्मी होईल.

बाक प्रत्येक चौकात आहेत, आणि दिवसभर सावलीत आहेत. मधल्या बुल रस्त्यावरच्या चौकांत पर्यटक जास्त असतात, म्हणून आईंसाठी व्हाइटफील्ड किंवा ट्रूप चौक बरा. व्हाइटफील्ड चौकात मधोमध एक छत्रीवजा मंडप आहे आणि सर आली तरी तेथे बसून राहता येते. माझी आई आली होती तेव्हा ती सकाळी तेथे माळ घेऊन बसत असे. तिला इंग्रजी येत नव्हते, समोरच्या घरातल्या आजींना मराठी येत नव्हते, आणि तरी दोन महिन्यांनी त्या आजी आमच्या दाराशी येऊन ती आज का आली नाही म्हणून विचारत होत्या. खेळण्यासाठी मुलीला क्रॉफर्ड चौकात न्या, आणि टेलर चौकातील जुन्या मॅसी शाळेच्या संग्रहालयातही एकदा जाऊन या. शहराची मांडणी कशी वाढत गेली हे तेथे समजावून दिले आहे, तेव्हा आपले घर कोणत्या वॉर्डात येते ते तिलाच शोधू द्या.